उलांडीचं माप

रेलिंगमध्ये होड्यांसाठी सोडलेली फट सहा फुटांची आहे. मी टेप लावून मोजलीय. जन्मभर प्राथमिक शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला अंदाजपंचे बोलवत नाही. आमच्या वाडीतली रापणीची होडी पोटाशी साडेतीन फूट रुंद. नकाशा काढणाऱ्याने बहुधा तेवढंच मोजलं, दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा फूट मोकळी जागा धरली आणि कागद गुंडाळला. पण मालवणची होडी म्हणजे नुसतं पोट नव्हे. तिच्या एका अंगाला, दोन आडव्या लाकडांना बांधलेला एक लांब ओंडका पाण्याला टेकून चालतो. ती उलांडी. लाटेत होडी कलंडू नये म्हणून. उलांडीसकट माप नऊ फुटांच्या वर जातं.

काम चालू असताना माझ्या चुलतभावाने हे मुकादमाला दाखवलं. मुकादम म्हणाला, मग ती बाजूची काठी सोडवून होडी न्यायची, पलीकडे गेल्यावर परत बांधायची. चुलतभाऊ त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तू शर्ट घालतस तेवा हात काढून ठेवतस काय रे?"

मुकादम घाटावरचा होता, त्याला राग आला नाही. हसला आणि वेल्डिंग पुढे चालू ठेवलं. ते रेलिंग, त्याच्यामागचे पेव्हर ब्लॉक, सिमेंटची बाकं आणि लाल रंगाची मोठाली अक्षरं, या सगळ्याला कागदावर 'किनारा सुशोभीकरण' असं नाव होतं. कुठल्या खात्याचं ते काम, ठेकेदार कोण, हे मी इथे लिहीत नाही. मला त्या सहा फुटांच्या आधीचं सांगायचंय, कारण ती फट ज्या पुळणीवर आहे ती काही मोकळी पडलेली जागा नव्हती.

'बीच' हा शब्द आमच्या घरात गेल्या पंचवीस वर्षांतला. त्याआधी आम्ही पुळण म्हणायचो, रेव म्हणायचो, आणि जिथे बोट लागायची ते बंदर. तिन्हींचा अर्थ वेगळा. पुळणीवर माणसं काम करतात, रेव नुसती असते, आणि बंदरात पैसा उतरतो.

पैशाचं आधी सांगतो. मालवणचं बंदर सोपं कधीच नव्हतं. समोरचा समुद्र खडकांनी भरलेला आहे. काही खडक ओहोटीला डोकं वर काढतात, काही कायम पाण्याखाली. अनोळखी तांडेलाचं गलबत इथे फुटायचंच. शिवाजी महाराजांनी किल्ल्यासाठी कुरटे बेट निवडलं त्यात या खडकांचा मोठा वाटा होता. शत्रूच्या जहाजाला वाट सापडू नये आणि आपल्या गाबीत खलाशांना ती झोपेतही सापडावी. २५ नोव्हेंबर १६६४ ला सिंधुदुर्गाचा मुहूर्त झाला. त्याची पूजा किनाऱ्यावरच्या ज्या कातळाशी झाली तो मोरयाचा धोंडा आजही आहे. त्यावर गणपती आहे, चंद्र-सूर्य आहेत, शिवलिंग आहे. १६६७ मध्ये किल्ला पुरा झाला. पायाचे चिरे बसवताना शिसं ओतलं, हे मालवणात लहान पोरही सांगतं.

पोराने न सांगितलेली गोष्ट मला शिक्षक झाल्यावर सुचली. सहलीला मुलं घेऊन गेलो होतो, एकीने विचारलं, "गुरुजी, किल्लो रेवेर कित्याक नाय बांधलो?" मी उत्तर द्यायला गेलो आणि थांबलो. सिंधुदुर्ग बेटाच्या कातळावर. दांडीसमोरचा पद्मगड खडकावर. ओहोटीला चालत जाता येतं. राजकोट खडकाळ टोकावर. सर्जेकोट कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी. चार किल्ले, त्यातले तीन तर सरळ कातळावर, आणि मधली एवढी लांब, सपाट, बांधायला सोपी दिसणारी पुळण तशीच सोडलेली. ज्या माणसांनी समुद्रात तट उभा केला त्यांना वाळूवर भिंत घालता आली नसती असं थोडंच आहे? पुळणीचं काम वेगळं होतं. तिथे होड्या ओढायच्या होत्या.

पुढे १८१२ मध्ये कोल्हापूरकरांनी मालवण इंग्रजांना दिलं आणि आरमार संपलं. गाबीत मासेमारीवर आणि मालवाहतुकीवर आले. मग आगबोटी. माझ्या लहानपणी त्यांचा भर होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत यायची. खडकांमुळे ती आत येत नसे, लांब उभी राहून भोंगा द्यायची. मग पडाव जायचे, चाकरमानी ट्रंकांसकट त्यात उतरायचे, आणि पडाव रेवेला लागला की शेवटचं कमरभर पाणी माणसांच्या खांद्यावरून. माझी आत्या मुंबईहून आली की सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या खांदेकऱ्याला शिव्या घालायची, कारण दरवेळी तिचं लुगडं भिजायचं. दरवेळी खांदेकरी तोच असायचा आणि दरवेळी चार आणे जास्त घ्यायचा.

या सगळ्यात जूनपासून पुढे काय होई ते महत्त्वाचं. बोट बंद. पडाव वर. पावसाळ्यात दक्षिणेच्या बंदरांना आगबोटी लागत नसत. कंपनी कितीही मोठी असो, मृगाचा पाऊस लागला की तिचाही कारभार आमच्या होडीसारखाच गुंडाळला जायचा.

आता पुळणीचं.

रापण म्हणजे ओढायचं मोठं जाळं. त्याला शेकडो हात लागतात, अगदी अक्षरशः. गोव्यात त्याला रांपण म्हणतात. एक दोर किनाऱ्यावर माणसांच्या हातात ठेवून होडी जाळं सोडत समुद्रात जाते, मोठा अर्धगोल काढते आणि दुसरा दोर घेऊन पुळणीच्या दुसऱ्या अंगाला येऊन टेकते. मग दोन्ही दोरांवर दोन रांगा. पाय रेवेत रोवून, अंग मागे टाकून, पावलापावलाने मागे सरायचं. रांगेतला शेवटचा माणूस दोर सोडून पुढे पाण्याशी येतो, पुन्हा धरतो. रांगा ओढता ओढता एकमेकींच्या जवळ सरकतात, अर्धगोल मिटत येतो. शेवटचा टप्पा आला की पाणी चमकायला लागतं. बांगडा असला तर निळसर, तारली असली तर चांदीसारखं. मग ओरडा, टोपल्या, बायका, कावळे, घारी.

प्रत्येक घराचा त्या जाळ्यात आपला तुकडा असे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. वाटेने जाणारा कुणी दोराला हात लावला तरी त्याला कालवणापुरते मासे मिळायचे. विधवा बाई असो, शाळेतून पळालेला पोर असो. मी तसा पळालेला आहे. दुसऱ्या दिवशी माझ्या गुरुजींनी मला मारलं नाही, कारण माझ्या वाट्यातले चार बांगडे त्यांच्याकडे गेले होते.

याला काय लागतं? होडी लागते, जाळं लागतं, माणसं लागतात, पण सगळ्यात आधी लागते सलग, बिनअडथळ्याची पुळण. दोन्ही दोर एकमेकांकडे सरकतात तेव्हा दीडशे-दोनशे पावलं मोकळी हवीत, आणि मागे सरायला तेवढीच. मधे एक खांब आला की दोर त्याला घासतो. एक पायरी आली की जाळं अडकतं, फाटतं, आणि माशांचा थवा त्या फटीतून निघून जातो. शिवाय सगळा वेळ ओढण्यातच जात नसे. जाळी सुताची होती तोवर ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवायला लागत, नाहीतर कुजत. मग ती पुळणीवर पसरायची. नायलॉन आल्यावर काढा गेला, पसरणं राहिलं. फाटकी जाळी विणणं राहिलं. सुकं घालणं राहिलं. दुपारी बाहेरून आलेल्या माणसाला ही जागा रिकामी दिसते. ती आम्हाला सकाळी लागते.

माझा आजा रापणीत होता. त्याचा सगळा हिशेब दोन दिवसांवर टेकलेला: मृगाची चाहूल आणि नारळी पौर्णिमा. मेच्या शेवटी आगोट लागली की घरात मीठ, तांदूळ, सुकी मासळी, फाटी यांची बेगमी व्हायची आणि पुळणीवर उलटं काम सुरू व्हायचं. जे जे उभं आहे ते ते काढायचं. होड्यांचे मांगर चुडतांच्या झापांचे. झापं सोडवायची, वासे उपटायचे, खुणा करून एकावर एक रचायचे. होड्या ओंडक्यांवरून ढकलत माडांच्या रांगेच्याही मागे न्यायच्या, तळाला उंडेल चोपडायचं, वर झावळ्या. आठवडाभरात पुळण कोरी. लहानपणी मला त्याचं वाईट वाटायचं, जत्रा उठल्यासारखं. मी एकदा विचारलं, मांगर दरवर्षी का मोडायचा, चिऱ्याचा एकदाच का बांधायचा नाही?

आजा म्हणाला, "चिऱ्याचो बांधलंस तर दर्यो त्याका बघूक येतलो."

मला तेव्हा ती भुताची गोष्ट वाटली. नंतर कळलं की तो भरतीचं शास्त्र सांगत होता. पावसाळ्यातली लाट उंच आणि एकामागोमाग येते. ती पुळणीची रेव खरवडून आत नेते आणि किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालते. पुढच्या लाटा त्या बांधावर फुटतात, किनाऱ्यावर येईतो त्यांचा जोर गेलेला असतो. म्हणजे समुद्र आपली रेव चोरत नाही, तिचीच भिंत करतो. आश्विन-कार्तिकात लाट मवाळ झाली की तीच रेव हळूहळू परत येते. जून ते सप्टेंबर आमची पुळण अर्धी होते, कधी माडांच्या मुळांपर्यंत खचते, आणि दिवाळीला पुन्हा भरते. आजा म्हणायचा, रेव गेली तर येतली. वाटेत काही नसेल तर येते, हे त्याने सांगायची गरज नव्हती, कारण वाटेत कधी काही नसायचंच.

वाटेत पक्की भिंत असली की लाट तिच्यावर आपटून तितक्याच जोराने मागे वळते आणि जाताना भिंतीच्या पायाखालची रेव घेऊन जाते. मग भिंतीखाली खळगा, मग भिंत कलते, मग तिला आधार म्हणून पुढे मोठे दगड टाकायचे. दगड पडले की पुळण संपली. देवबागला जाऊन बघा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळी पट्टी. तिथल्या माणसांना बंधारा हवाच आहे, त्यांच्या अंगणात समुद्र येतो, त्यांना मी काय शिकवू? पण दगडांच्या राशीवरून रापण ओढता येत नाही एवढं खरं.

पुळण कुठे संपते हे सांगायला आमच्याकडे एक वेलही आहे. जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची, रेवेवर पसरत जाणारी. तिचं नाव मर्यादवेल. नेहमीची भरती जिथे थांबते तिथून ती सुरू होते आणि रेव धरून ठेवते. सुशोभीकरणाच्या पहिल्या दिवशी जेसीबीने तीच काढली. अंदाजपत्रकात ते 'झुडपे साफ करणे' या सदरात गेलं असावं.

नारळी पौर्णिमेला मालवणात बंदरावर जत्रा असते. सोन्याचा मुलामा दिलेला नारळ वाजतगाजत येतो, व्यापारी आणि मच्छीमार दर्याला नारळ देतात, नारळ लढवायच्या पैजा लागतात. सरकारचा मासेमारीबंदीचा जुना नियमसुद्धा नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, जे आधी येईल तोपर्यंत, असा होता. आता यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी आहे. नारळी पौर्णिमेच्या त्या एका दिवशी पुळण पुन्हा उघडायची. खुणा बघून वासे रोवायचे, झापं नवी विणलेली असायची. मांगर गेल्या वर्षी होता तिथेच उभा राही असं नाही. रेव जशी आली असेल तसा तो दहा पावलं पुढे किंवा मागे. सातबाऱ्यावर हे कसं दाखवायचं, हा प्रश्न महसूल खात्याला कधी सुटला नाही आणि आमच्या आज्यांना कधी पडला नाही. त्याचे परिणाम आम्ही भोगतोय. पुळण आमची आहे असं दाखवणारा एकही कागद आमच्याकडे नाही.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. बोटी तोवर इतिहासजमा झाल्या होत्या. ट्रॉलरवाले आणि नंतर पर्ससीनवाले रापणीच्या तोंडचा घास पळवत होते. गोव्यातल्या रांपणकारांनी त्याविरुद्ध सत्तरच्या दशकात मोठा लढा दिला, आमच्याकडे तो अजून धुमसतोच आहे. ज्या घरांत रापणीवर भागेना त्या घरांनी न्याहारी-निवास काढला. त्यात माझंही घर आहे, लपवत नाही. दोन खोल्या, जोडून संडास, सोलकढी आणि आंबोळी. खोल्या माडांच्या मागे बांधल्या, पण बांधल्या चिरा-सिमेंटनेच. आजा असता तर आधी मलाच बोलला असता. पर्यटकांवर माझा राग नाही. माझ्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण त्यांच्याच पैशांवर झालं. आणि दिवाळीनंतर सकाळी रापण ओढताना बघायला ते जितक्या आनंदाने उभे राहतात, दोराला हात लावतात, तितक्या आनंदाने सेल्फीच्या अक्षरांशी राहत नाहीत. हे मी माझ्या पाहुण्यांवरून सांगतो.

कायदे नव्हते असं नाही. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवायला सांगितलं. त्यातून १९९१ ची सीआरझेडची अधिसूचना आली. मग दुरुस्त्या, मग २०११ ची, मग २०१९ ची. प्रत्येक वेळी रेघ थोडी समुद्राकडे सरकत गेली. २०१९ च्या अधिसूचनेत पुळणीवर चालतील अशा तात्पुरत्या पर्यटनसुविधांची यादी आहे. त्यात खोपटी आहेत, कपडे बदलायच्या खोल्या आहेत आणि एकमेकांत अडकवायच्या पेव्हर ब्लॉकच्या पायवाटाही आहेत, भरतीरेषेपासून किमान दहा मीटर सोडून. 'तात्पुरत्या' हा शब्द वाचून मला बरं वाटलं होतं. गोव्यात शॅकवाल्यांना हंगाम संपला की शॅक मोडून न्यावे लागतात; ते आमच्या मांगरांचे सख्खे भाऊ. पण ब्लॉक कोण दर आगोटीला उपटून माडामागे रचून ठेवणार? त्यासाठी निविदेत कलम लागतं. निविदेत कलम एकच होतं, काम मार्चअखेर पुरं करण्याचं.

चर्चेची सभा झाली होती, नाही म्हणणार नाही. मंगळवारी सकाळी अकराला, ऑक्टोबरात, म्हणजे ऐन बांगड्याच्या दिवसांत. वाडीतून मी आणि दोन म्हातारे गेलो, बाकी सगळे दोरावर. भिंतीवर रंगीत चित्र लावलेलं. माड होते, छत्र्या होत्या, एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, एक पोरगा फुगा घेऊन. चित्रात एकही होडी नव्हती. मी हात वर करून तसं सांगितलं. साहेब म्हणाले, होड्यांची सोय केलेली आहे, मास्तर. मग ती सहा फुटांची फट झाली. म्हणजे त्यांनी माझं ऐकलं, असंही म्हणता येईल.

मी एक गोष्ट मात्र त्या दिवशी विसरलो आणि तिची मला आजही बोचणी आहे. व्हाळी. आमच्या वाडीच्या मधून पावसाळी व्हाळी वाहते. बाकीचे आठ महिने ती कोरडी असते, तिच्यात पोरं क्रिकेट खेळतात. जूनमध्ये तिचं पाणी पुळणीपर्यंत येतं, रेवेच्या उंचवट्यामागे साचतं, आणि मग एका सकाळी वाडीतले चारजण कुदळी घेऊन जातात आणि तिचं तोंड फोडतात. कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला, दर्या त्या वर्षी जिथे वाट देईल तिथे. दरवर्षी तोंड वेगळं. आखणीचे लोक फेब्रुवारीत आले तेव्हा त्यांना क्रिकेटचं मैदान दिसलं. त्यांनी चुन्याची रेघ सरळ वरून नेली आणि सुशोभीकरणाच्या भिंतीखालून दीड फुटी सिमेंटचा पाइप टाकला. एका ठिकाणी. कायमचा.

पहिल्याच पावसात पाइपात वाळू बसली. आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला समुद्र बाहेरून भिंतीवर आणि व्हाळी आतून भिंतीवर. रात्री दोन वाजता माझ्या स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी होतं. तौक्ते वादळात, १६ मे २०२१ ला, आमचे पत्रे गेले होते, कित्येक दिवस वीज नव्हती, पण घरात पाणी आलं नव्हतं. बायको पिठाचा डबा डोक्यावर घेऊन उभी आणि मी बॅटरी. उजाडल्यावर वाडीतल्या पोरांनी घण आणून भिंतीला भोक पाडलं. पाणी तिथून असं सुटलं की भिंतीचे पंचवीसेक फूट सोबत गेले. बाकं गेली. ब्लॉकखालची रेव निघून गेली आणि वरचे ब्लॉक जुन्या दातांसारखे हलायला लागले. सरकारी मालमत्तेचं नुकसान म्हणून पोरांना बोलावणं आलं. मी बरोबर गेलो. ठाण्यातला हवालदार देवगडचा, त्याच्याही घरामागे व्हाळी. त्याने आम्हाला चहा दिला आणि परत पाठवलं.

नारळी पौर्णिमेला फट तेवढीच शिल्लक होती. रेलिंग दोन्ही बाजूंना वाकलं, खांब मात्र ताठ. रापण संघाने होडी वळसा घालून, पडलेल्या भिंतीच्या भगदाडातून पाण्यात नेली. म्हणजे होडीसाठी पुरेशी वाट शेवटी दर्यानेच करून दिली.

त्याच सुमारास राजकोटला शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, मोठ्या समारंभात उभा राहिलेला, आणि २६ ऑगस्ट २०२४ ला खाली. पहिला पावसाळाही पुरता सरला नव्हता. देशभर बातमी झाली, चौकशा झाल्या, मे २०२५ मध्ये तिथे नवा, बराच उंच पुतळा उभाही राहिला. त्याचं दुःख इथल्या प्रत्येकाला झालं आणि त्यावर राजकारण इतकं झालं की मी आणखी भर घालत नाही. मला त्या दिवसांतली एकच गोष्ट आठवते. आमच्याकडे मुंबईचं कुटुंब उतरलं होतं. त्यांचा मुलगा सिंधुदुर्गाकडे बोट करून म्हणाला, तो किल्ला कसा नाही पडला? वडील म्हणाले, पूर्वीची माणसं प्रामाणिक होती. असं उत्तर द्यायला सोपं असतं. मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी ओहोटीला मोरयाच्या धोंड्याशी घेऊन गेलो आणि पायाखाली काय लागतं ते बघ म्हटलं. त्याने चप्पल काढली, टाच आपटून बघितली आणि म्हणाला, दुखतं. मग त्याला आमच्या पुळणीवर आणलं.

दिवाळीला रेव परत आली, पण पूर्वीसारखी नाही. भिंत उभी राहिली तिथे कमी, पडली तिथे जास्त. भगदाडासमोर तर ब्लॉकची पहिली ओळ रेवेखाली गाडली गेली, आणि माघात बघतो तर दोन ब्लॉकांच्या सांध्यातून मर्यादवेलीचं एक टोक वर आलेलं. सुटे झालेले ब्लॉक वाडीने उचलले. काही होडीच्या ओंडक्यांना टेकू म्हणून, काही ताडपत्रीवर वजन म्हणून. माझ्या घरी तुळशीपाशी चार आहेत. चोरीच म्हणायची ती.

गेल्या फाल्गुनात पुन्हा आखणी झाली. दुरुस्तीचं काम निघालंय, या वेळी भिंत अधिक जाड. नवा पोरगा आलेला, अभियंता, नम्र, उन्हाने लाल झालेला. त्याने विचारलं, "सर, उधाण कुठपर्यंत येतं?" मी त्याला घरामागे नेलं, तिसऱ्या माडाशी, जिथे आषाढातल्या पाण्याची खूण बुंध्यावर अजून आहे. तो म्हणाला, "पण हे तर तुमच्या अंगणात आलं." होय म्हटलं. त्याने वहीत लिहिलं. मी वाकून बघितलं: 'स्थानिकांच्या म्हणण्यानुसार'.

मग तो फटीशी आला. चुलतभाऊ होडीत बसून जाळं सांधत होता. पोराने स्वतःहून टेप काढली, म्हणाला, यावेळी नीट माप घेऊ. दोघांनी मिळून घेतलं, उलांडीच्या टोकापासून पलीकडच्या काठापर्यंत. नऊ फूट चार इंच. पोराने तक्ता उघडला. त्यात खांब, दिवे, बाकं, कचराकुंड्या असे छापील रकाने होते. उलांडीला रकाना नव्हता. जरा विचार करून त्याने 'इतर' खाली 'होडी' असं लिहिलं, आणि पुढे कंसात 'मोठी'.